लोखंडाचा खांदा

किसनरावांनी बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांचे खांदे मळायच्या वेळेला, मैनाबाई लोणी-हळदीची वाटी घेऊन अंगणात आल्या आणि सवयीनं बैलांच्या जागेकडे, तिथं उभ्या ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाकडे वळल्या. किसनराव नवऱ्याच्या तोऱ्यात खेकसले, "लोखंडाले खांदा नसते." वाटी तशीच घरात परत गेली.

गेल्या वर्षी ट्रॅक्टर बिघडला आणि ट्रॉलीसकट सारा पावसाळा अंगणात उभा राहिला. दुरुस्त झाल्यावर हरभऱ्यासाठी नांगर जोडायचा, तर ट्रॉलीची पिन हुकातून निघेना. गंजून पार बसली होती. किसनरावांनी घन उचलला. पिनेचं डोकं चेपलं, शिव्या देऊन झाल्या, पिन मात्र जागची हलली नाही.

दमून ते तिथंच टेकले. बैलाचा खांदा सुजला तर आपण कधी काठी उगारली नाही, हे त्यांना आठवलं. तेल लावायचं, शेकायचं आणि जनावराला टेकू द्यायचं. मग त्यांनी पिनेवर डिझेल ओतलं, तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळली आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी हलके ठोके देत, पान्यानं थोडं इकडं, थोडं तिकडं फिरवलं. पिन सुटून हातात आली.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी किसनराव ग्रीसचा डबा घेऊन हुकापाशी बसले. मैनाबाई दारातून म्हणाल्या, "लोखंडाले खांदा नसते म्हणे."

"नसते," मान वर न करता ते म्हणाले, "पण वझं तं थेच ओढते. वाटी आण."