आधी माझ्या वावरात

सखाराम आबा झाडांच्या पाळ्या लावायचे. मुठा खोऱ्यात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात, आणि राबाला ऐनाच्या फांद्या लागतात. कुठला ऐन गेल्या वर्षी छाटला, कुठला यंदा छाटायचा, हे सगळं आबांच्या डोक्यात असे. कोयता घेऊन निघालेला माणूस आधी त्यांच्या ओट्यावर थांबायचा. आबा म्हणायचे, "त्यो नगं. त्येला आजून दम खाऊ दे." माणूस निमूट दुसऱ्या झाडाकडे वळायचा.

साठ साल उजाडायच्या सुमारास मी तिथे बांधबंदिस्तीचा आराखडा करायला गेलो. मी दुष्काळी मुलखातला, नोकरी नवी, आणि शहाणपण जरा जास्तच. डोंगरउतारावर, भातखाचरांच्या वर, करवंदीच्या आणि धायटीच्या झुडपांचा एक दाट पट्टा होता. तो तोडून तिथे आडवे मातीचे बांध घालायचे, असं मी नकाशावर आखलं. उन्हाळ्यात मजुरी मिळणार म्हणून गावही खूश होतं.

आबा तेवढे अडून बसले. त्या पट्ट्याला ते रान म्हणतच नसत. "त्यो खाचराचा उंबरा हाय," म्हणायचे. आमच्याकडे हेच बांध कसे उत्तम टिकलेत, ते मी त्यांना ऐटीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्याकडं पानी धरून ठिवायचं आसतं, सायेब. हितं त्येला वाट द्यायची आसती."

मी हसलो. ते हसू आठवलं की आजही कान तापतात.

चार दिवसांनी आबा स्वतःच आले. म्हणाले, बांध घाला, पण आधी माझ्या वावरात. एक पावसाळा जाऊ द्या, मग बाकीच्यांचं बघू. म्हाताऱ्याला पटलं एकदाचं, असं समजून मी खुशीत काम उरकलं. त्यांच्या खाचरांवरचा तेवढा पट्टा तोडला, बांध घातला.

आषाढात तो बांध फुटला. निरोप मिळताच मी भिजत पोचलो. आबांची दोन्ही खाचरं दगडगोट्यांखाली गेली होती. वर्षाचं भात त्यातच होतं. आबा आणि त्यांची बायको वाकून दगड वेचत होती. मला पाहून आबा उठले आणि शेजारच्या उतारावर घेऊन गेले. तिथे करवंदी जागेवर होती. तिच्यातून पाणी गाळलं जाऊन सावकाश उतरत होतं, आणि खाली रोपं उभी होती.

मी विचारलं, "आबा, तुम्हाला ठाऊक होतं, तर स्वतःचं वावर का दिलंत?"

"म्या सांगून तुमास्नी पटलं न्हाई," ते म्हणाले. "मग दुसऱ्याच्या पोटावर कशाला दावू?"

मी चपला काढल्या आणि दगड उचलायला लागलो. पुढे माझाच आराखडा चुकीचा होता असं मी लिहून दिलं, वरिष्ठांची बोलणी खाल्ली, आणि गावातले बाकीचे पट्टे वाचले. नवा आराखडा मी आबांच्या मागे चालत केला. त्या वर्षी आबांच्या घरी भात शिजला नाही. मी गेलो की ते मला नाचणीची भाकरी वाढायचे आणि आपणही तीच खायचे, हसतखेळत.

माझी बदली झाल्यावर काही वर्षांनी आबा गेल्याचं पत्र आलं. मी दार लावून रडलो. माझ्या शहाणपणाची किंमत त्या माणसाने स्वतःच्या ताटातून मोजली होती, आणि मला ती एकदाही ऐकवली नव्हती.