चावडीतला बुखार

चारठाण्याच्या पलीकडं माळावर धनगरांची एक वाडी होती. त्या वाडीत बानूबाईच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी नव्हती. नवरा अंगद मेंढरं घेऊन रानोमाळ गेला की ती गुमान घर सांभाळायची, लोकर कातायची, कोकरं जगवायची. तिचं तोंड सुटलं ते ठकू गेल्यावर.

ठकू तिची थोरली लेक. महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट, थंडीचे दिवस. पोरीचा घसा धरला, अंग तापलं, आवाज बसला. मान सुजून हनुवटीला भिडली. बानूबाईनं तोंड उघडून पाहिलं तर पडजिभेच्या दोन्ही अंगांनी राखाडी पापुद्रा चढलेला. हळदीचे लेप झाले, अंगारा झाला. पोरगी श्वासासाठी तडफडून गेली.

निजामाच्या अंमलात माणूस मेलं की चावडीत वर्दी द्यावी लागे. मरणाचं कारण पाटील सांगे आणि पटवारी दिनकरराव ते उर्दूत लिही. ठकूच्या नावापुढं ‘बुखार’ लिहिलं गेलं. लेक गेलेल्या घरात त्या शब्दाकडं कोण बघणार? त्यानंतर वाडीतली आणखी पोरं तशीच गेली. सगळ्यांचा बुखारच.

मग बानूबाईच्या जावेचा, कासाबाईचा पोरगा रायभान घोगरा बोलायला लागला. बानूबाईनं त्याच्या घशात पाहिलं तर तोच राखाडी पापुद्रा. तिनं लगेच गाडी जुंपायला लावली. दोघी जावा पोराला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून आत पाहिलं आणि सावकाश चमचा खाली ठेवला.

“याला घटसर्प म्हणतात, बाई. आमच्या कागदात खुनाक. याची सुई असते, पण ती हैदराबादहून मागवावी लागते.”

“मंग मागवली का न्हाई?”

“कशाच्या जोरावर मागवू? तुमच्या वाडीहून बुखाराचे कागद आले. बुखारानं माणसं सगळीकडेच मरतात. एक कागद खुनाकचा आला असता तर सुया इथं कपाटात असत्या. मी आज तार करतो. पण सगळ्या वाडीसाठी सुया हव्या असतील तर पाटलाची वर्दी लागेल.”

रायभाननं दवाखान्याच्या ओसरीवरच प्राण सोडला.

परतीच्या वाटेवर कासाबाई ऊर बडवत होती. बानूबाईच्या डोळ्याला पाणी आलं नाही. ती एकेक गोष्ट जुळवत होती. ठकूची मान व्यंकटराव पाटलानं स्वतः पाहिली होती, उंबऱ्याबाहेर उभं राहून. आत पाऊल टाकलं नव्हतं. चंपाषष्ठीची जत्रा तोंडावर होती. जत्रेतल्या जनावरांच्या बाजाराची पट्टी पाटील गोळा करायचा. खुनाक लिहिलं की तहसीलदार जत्रा बंद करणार, हे त्याला कळत नव्हतं थोडंच?

तिनं गाडी घराकडं नेऊ दिली नाही. चावडीपुढं उभी करायला लावली.

पाटील ओट्यावर बसला होता. धाकटी नात त्याच्या पागोट्याच्या टोकाशी खेळत होती. गाडीतलं मढं पाहून तो हळहळला आणि दिनकररावांकडं वळला.

“लिव्हा. रायभान. बुखार.”

“बुखार न्हाई,” बानूबाई म्हणाली. “खुनाक. डाक्टरनं सांगितलंय.”

“बाने, तुला काय कळतंय त्यातलं? घरी जा. लेकराची माती करा.”

बानूबाईनं गाडीतून रायभानला घोंगडीसकट उचललं आणि ती ओट्याच्या पायऱ्या चढायला लागली. पाटलानं झडप घालून नात उचलली, मागं सरकला, भिंतीला टेकला.

“तिथंच थांब. म्होरं यिऊ नको. पोरीला घरात न्या रे कुणी.”

ती पायरीवरच थांबली. चावडीपुढं माणसं गोळा झाली होती.

“बुखार हाय न्हवं, मालक? मंग नात कशापायी उचलली?”

पाटलानं नातीचं तोंड आपल्या खांद्याआड दडवलं.

“तुमाला समदं ठावं हुतं. माझ्या ठकूच्या टायमालाच ठावं हुतं. जत्रा मोडंल म्हून आमची लेकरं मरू दिली तुमी. मेंढराला रोग आला तर आमी कळप येगळा करतो, पाटील. तुमी तेवढंबी केलं न्हाई.”

गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. त्याची नातही ठकूच्या पाठोपाठ गेली होती. तो बानूबाईच्या शेजारी उभा राहिला. मग दुसरा आला. दिनकररावांनी पाटलाकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं, आणि टाक उचलला.

“पाटील, लोक बघायलेत,” ते हळूच म्हणाले, आणि खुनाक लिहिलं.

जत्रा बंद झाली. डॉक्टर सुया घेऊन आले तेव्हा पहिली सुई पाटलाच्या नातीला टोचली गेली. बानूबाई तापानं फणफणलेल्या आपल्या धाकट्या लेकाला कडेवर घेऊन मागं उभी होती. दात आवळून उभी राहिली, पण त्या पोरीला उणं बोलली नाही. वाडीतली आजारी पोरं बहुतेक वाचली. तिचा धाकटाही वाचला. ज्यांची दुकानं जत्रेत लागायची ते मात्र पुढची कितीतरी वर्षं तिला पाहून तोंड फिरवायचे.

ठकूच्या नावापुढचा शब्द बदलावा म्हणून ती दिनकररावांकडं खेटे घालत राहिली. लिहिलेलं फिरवता येत नाही, ते म्हणत. पाटलाला काय शिक्षा झाली? काही नाही. निजामाचं राज्य गेलं तेव्हाही तो त्याच ओट्यावर बसलेला होता. नव्या कारकुनानं तिला सांगितलं, जुनी उर्दू दफ्तरं परभणीला गेली, आता कोण उकरणार?

अंगद तिला म्हणायचा, “सोड आता. पोरगी काय माघारी येती का?”

“येत न्हाई, मलाबी कळतंय,” ती म्हणायची. “पर तिला रोगानं मारलं का त्या पाटलानं, ते कुठं तरी लिव्हलेलं पायजे.”

पुढं वाडीत कुणा पोराचा घसा दुखला की बाया आधी तिला बोलावत. ती तोंडात बघायची आणि जराही शंका आली की गाडी थेट तालुक्याला न्यायला लावायची. चावडीत वर्दी द्यायला मागाहून जायची, आणि काय लिहिलं ते मोठ्यानं वाचवून घेतल्याशिवाय ओट्यावरून हलायची नाही.