वीस वर्षांचं घर

माझी सगळी नोकरी लोकांचे फॉर्म परत करण्यात गेली. ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत खिडकीमागे बसायचे मी, चष्मा नाकाच्या टोकावर. रिकामा रकाना दिसला की फॉर्म उलटा फिरवून पुढे सरकवायचे आणि सांगायचे, "काका, इथे काहीतरी लिहा, नाहीतर आडवी रेघ मारा. कोरं सोडायचं नाही. उद्या तिथे कुणी काहीही भरेल." माझ्या नावाने बोटं मोडत गेलेली माणसं अर्ध्या जिल्ह्यात सापडतील. आणि त्याच मी, माझ्या स्वतःच्या घराच्या विम्याच्या कोऱ्या फॉर्मवर सही केली.

आमचं घर नौपाड्यात, एका गल्लीच्या तोंडाशी. सासऱ्यांनी बांधलेलं. खाली तीन खोल्या, वर दोन, मधे लाकडी जिना, सागवानी तुळया, मंगलोरी कौलं. दोन्ही बाजूंना सात-सात मजल्यांच्या इमारती उठल्या तसं ते बसकं दिसायला लागलं, पण भिंती दीड हात जाडीच्या आणि उन्हाळ्यात पंखा लावायची गरज नाही. दारावर सिमेंटच्या पट्टीत घराचं नाव नाही, नुसतं साल आहे, तेही शकाचं. सासरे म्हणायचे, "नावं ठेवायला लोक आहेत, आपण साल ठेवू." दर दिवाळीला माझा नवरा स्टुलावर चढून ते चार आकडे तांबड्या ऑइलपेंटने गिरवायचा. त्याला तोंडावर मी जन्मभर 'अहो'च म्हटलं. इथे 'तो' लिहिते आहे, कारण मी रागावले आहे.

तो गणिताचा मास्तर. आकडे मराठीतच लिहायचे हा त्याचा हट्ट. चेकवर, गॅसच्या पावतीवर, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागे, सगळीकडे. बँकेतला माणूस कुरकुरला की याला जोर यायचा. सासऱ्यांनी जाण्याआधी घर त्याच्या नाही, माझ्या नावावर केलं. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाले, "ही कागद वाचते." नवऱ्याने हसून मान डोलावली. म्हणाला, "बरं झालं, माझी कटकट गेली."

विम्याची कल्पनाही त्याचीच. निवृत्त झाल्यावर त्याने मनावर घेतलं. एजंट म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, अर्ध्या गल्लीच्या पॉलिसी त्यानेच उतरवलेल्या. मी त्यांना भावजी म्हणते. एका रविवारी भावजी सकाळीच आले. मी पोहे केले होते. टेबलावर फॉर्म, आणि सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुल्या. बाकी सगळं कोरं. सवयीने मी चष्मा शोधायला लागले.

"तू तुझी खिडकी घरात नको उघडूस," नवरा म्हणाला. "फुली असेल तिथे सही कर. बाकीचं नंतर सावकाश भरू आम्ही."

"वाचते तरी."

"अगं, भावजी काय परके आहेत?"

आमच्यात हे असंच असतं. परक्याचा कागद ओळ न ओळ वाचावा. घरच्या माणसासमोर वाचायला घेतला तर त्याच्या तोंडात मारल्यासारखं होतं. मी पाच फुल्यांवर पाच सह्या केल्या. भावजींनी त्या दिवशी दुसऱ्यांदा पोहे घेतले नाहीत. माझ्या ते लक्षात आलं. कांदा कच्चा राहिला असेल म्हणून मी गप्प बसले.

तीन वर्षांपूर्वी नवरा गेला. भावजींनी सगळं धावून केलं, दवाखान्यापासून दहाव्यापर्यंत. विम्याचं नूतनीकरणही न सांगता करत राहिले. दर वर्षी कागद घेऊन यायचे, फुली मारलेली असायची, मी सही करायचे. "वहिनी, घराची काळजी करू नका," एवढं म्हणून चहा घ्यायचे. मी खरोखरच केली नाही.

आग लागली तेव्हा मी विठ्ठलवाडीला भाचीच्या डोहाळजेवणाला गेले होते. दुपारी दोनच्या सुमारास शेजारणीचा फोन आला. जिन्याखालच्या मीटरपाशी ठिणगी पडली, लाकडी जिना पेटला, जिन्यावरून आग वर गेली. मी पोचेपर्यंत बंब येऊन गेला होता. खालच्या खोल्यांत घोटाभर काळं पाणी, वरची कौलं फुटलेली, तुळया कोळशासारख्या. घरात कुणी नव्हतं हेच नशीब. दारावरचं साल मात्र जसंच्या तसं होतं, फक्त धुराने काळवंडलेलं.

मी डोंबिवलीला लेकीकडे राहायला गेले. लेक चांगली, जावई तिच्याहून चांगला. पण मी हॉलमध्ये झोपते म्हणून तो घरात चोरपावलांनी चालायचा, आणि नातू टीव्हीचा आवाज बंद करून कार्टून बघायचा. माझ्यामुळे एक घर मुकं झालं होतं. मला दुसरं काही नको होतं. मला माझ्या घरात परत जायचं होतं, आणि त्यासाठी जिना आणि छप्पर हवं होतं.

कंपनीचा सर्व्हेअर आला. मुलासारखा वाटावा इतका तरुण, बूट काढून आत आला, मला तो आवडला. फोटो काढता काढता वर बघून म्हणाला, "मॅडम, दारावर ते काय लिहिलेलं आहे? कसला नंबर?"

मला कोण अभिमान. "नंबर नाही हो, साल आहे. शक. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा, इसवी सन येईल."

त्याने मोबाइलवर बेरीज केली. मग पुन्हा केली. "म्हणजे सत्तर वर्षांच्या वर झाली?"

"झालीच मुळी. आणि एक तडा दाखवा."

त्याने तो आकडा वहीत लिहून घेतला. मी त्याला चहा दिला आणि सासऱ्यांनी सागवान कुठून आणलं तेही सांगितलं. इतक्या हौसेने स्वतःच्या पायावर धोंडा कुणी मारून घेतला नसेल.

महिन्याभराने पत्र आलं. दावा नामंजूर. प्रस्तावात इमारतीचं वय वीस वर्षं आणि बांधकाम आरसीसी असं नमूद केलेलं आहे. प्रत्यक्षात इमारत जुनी, लाकडी तुळयांची व कौलारू. सबब चुकीची माहिती. मी ते पत्र लेकीच्या ओट्यापाशी उभ्यानेच वाचलं. माझ्या डोक्यात एकच माणूस आला.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला भावजींच्या घरी गेले. त्यांची बायको दार उघडून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. पत्र मी टीपॉयवर ठेवलं. त्यांनी ते वाचलं नाही, म्हणजे त्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"वीस वर्षं?" मी म्हटलं. "दर दिवाळीला त्या सालाखालून आत येऊन तुम्ही माझ्या चकल्या खाल्ल्यात. वीस वर्षं?"

"वहिनी, खरं वय लिहिलं असतं तर पॉलिसी झालीच नसती. आधी स्ट्रक्चरल ऑडिट मागितलं असतं. ऑडिटमध्ये काही निघालं, की महापालिकेची नोटीस."

"म्हणून खोटं लिहायचं? आणि मला सांगायचंही नाही?"

त्यांनी पत्राची घडी घालून ते माझ्याकडे सरकवलं.

"मी तुम्हाला घरचं समजत होते. घरच्यानेच घराचे वासे मोजले."

ते चपलांच्या स्टँडकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "सही तुमची आहे, वहिनी."

हे वाक्य मी खिडकीमागून शेकडो लोकांना ऐकवलेलं आहे. मला कुणी ऐकवेल असं वाटलं नव्हतं. मी उठले, आणि जिन्यात उभी राहून, शेजारचे दोन दरवाजे उघडतील इतक्या आवाजात त्यांना विश्वासघातकी म्हणाले. ते दारात उभे होते. एक अक्षर बोलले नाहीत.

मी तक्रार करायचं ठरवलं. तक्रार कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको. आधी मूळ कागद हातात हवा, म्हणून कंपनीकडे फॉर्मच्या प्रतीसाठी अर्ज दिला, पोच घेतली, दोनदा आठवण पाठवली. लेक म्हणाली, "आई, अगं सोड ना आता." मी सोडणार नव्हते. भावजींनी माझं घर घेतलं होतं, मला निदान त्यांचं नाव कागदावर हवं होतं.

प्रत मिळाली. स्टेशनकडे चालत येता येता एका उसाच्या रसाच्या दुकानात बसून मी पाकीट फोडलं. फॉर्म इंग्रजी, उत्तरं सुट्या कॅपिटल अक्षरांत. अशा अक्षरांवरून लिहिणारा ओळखू येत नाही. मालकाचं नाव, माझं. पत्ता. बांधकामाचा प्रकार, आरसीसी. आणि इमारतीचं वय.

तिथे २० असं लिहिलं होतं. मराठीत.

दोनाची शेपटी जरा लांब, शून्य किंचित तिरपं. शेजारी कचेरीतल्या कुणीतरी लाल पेनाने इंग्रजी आकडा लिहून ठेवला होता. अख्ख्या ठाण्यात इंग्रजी फॉर्मवर हे करणारा एकच माणूस होता, आणि दर दिवाळीला स्टुलावर चढून घराचं खरं वय गिरवणारा हातही तोच. दुकानदाराने दोनदा विचारलं, बर्फ घालू का.

तक्रार लिहिली नाही. कुणाविरुद्ध लिहायची? मेलेल्या माणसाला खिडकीवर बोलावता येत नाही. भावजींवर ओरडताना निदान अंगात बळ होतं, आता तेही गेलं. नवरा गेला तेव्हा मी रडले होते. या वेळी रडूही आलं नाही, नुसता संताप आला आणि तो ठेवायला जागा नव्हती. त्याच्या फोटोचा हार मी काढून ठेवला. लेकीने कारण विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी मी नौपाड्याला परत आले. फंडातून खालच्या दोन खोल्यांपुरतं काम केलं. वर जायला जिना नाही, जिन्याच्या जागी पत्रा ठोकला आहे. पाडव्याला संध्याकाळी फाटक वाजलं. भावजी आले होते, दर वर्षीसारखे, हातात मिठाईचा पुडा. मी त्यांची माफी मागायला जायला हवं होतं आणि मी गेले नव्हते. आत येण्याआधी त्यांनी सवयीने वर बघितलं.

"रंग नाही लावला, वहिनी?"

"नाही." मी दारातच उभी राहिले. "मी मूळ फॉर्म मागवला. बघितला."

त्यांनी पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"त्या दिवशी मी जिन्यात एवढं बोलले. तुम्ही त्यांचं नाव का नाही घेतलंत?"

"गेलेल्या मित्राचं काय सांगायचं, वहिनी. आणि पुढे तेच आकडे मी चालू ठेवले, तेव्हा माझंही आहेच त्यात."

"मला फक्त एक सांगा. मला सांगावं असं एकदाही कुणाला वाटलं नाही?"

"मी म्हटलेलं त्याला," भावजी म्हणाले. "फॉर्म आणायच्या आधीच म्हटलेलं. घर वहिनींच्या नावावर आहे, सही त्यांची लागणार, त्यांना विचार. तर तो म्हणाला, तिला सांगितलं तर ती सही करणार नाही."

मी त्यांना आत घेतलं. चकल्या या वर्षी केल्या नव्हत्या, चहा ठेवला. आधण येईपर्यंत मी ओट्यापाशी उभी होते. त्याने मला बरोबर ओळखलं होतं. मी सही केली नसती.