देवनागरी सहीचा चेक

आयुष्यभर मी बँकेत चेक पास करण्याचं काम केलं. सही जुळते का, तारीख बरोबर आहे का, अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम यांचं भांडण नाही ना, हे बघण्यात माझे केस पांढरे झाले. निवृत्त झालो तेव्हा शाखेतल्या मंडळींनी मला शाल दिली, आणि मी स्वतःला जांभळ्या उजेडाची एक छोटी टॉर्च भेट दिली. खऱ्या नोटेवर, खऱ्या चेकवर तो उजेड पडला की त्यातली लपवलेली शाई चमकते. ती टॉर्च खिशात घालून मी तंजावरभर हिंडत असे. फुलवालीनं परत दिलेली नोटही मी तिच्या तोंडावर तपासली आहे. तेव्हापासून माळ मोजताना ती हात आखडता घेऊ लागली, आणि तिचं काही चुकलं असं मला आज वाटत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं राजवाड्याजवळच्या गल्लीत तंजावर चित्रांचं दुकान आहे. निम्मी चित्रं ती इतरांकडून घेते, निम्मी स्वतः करते. फळीवर कापड चिकटवायचं, खडूच्या लगद्यानं दागिने आणि महिरपी उठावदार करायच्या, खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख लावायचा, मग रंग भरायचे. डोळ्यांत तेल घालून करायचं हे काम, आणि तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आहे ती नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही. तरी हट्टानं तिनं एक मोठा राम पट्टाभिषेक, म्हणजे रामाच्या राज्याभिषेकाचं चित्र, पुरा केला. त्याच्यानंतर मोठं चित्र तिच्या हातून होणार नाही, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तिनं ते गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर टांगलं. कुणी किंमत विचारली की ती म्हणे, हे विकायचं नाही.

मी रोज सकाळी जेवण आटोपून दुकानात जाऊन बसे. मदत करायला, असं मी म्हणायचो. ती काय म्हणायची ते मी कधी विचारलं नाही.

एक दिवस दुकानात एक गृहस्थ आले. खादीचा झब्बा, कपाळाला अष्टगंध, हातात चामड्याची बॅग. आम्ही भाऊबहीण आपसात बोलत होतो ते त्यांनी ऐकलं आणि दोन्ही हात जोडून दारातच उभे राहिले.

"काका, किती दिवसांनी कानावर अस्सल मराठी पडली! आम्ही तिकडं पुण्यात नुसती भेसळ बोलतो हो. खरी भाषा तुम्ही जपलीत."

आता हे वाक्य माझ्यासारख्याला काय करतं, हे तंजावरच्या मराठी माणसालाच कळेल. एकदा पुण्यात लग्नाला गेलो होतो, तर मी तोंड उघडलं की तिथली पोरं फिदीफिदी हसत आणि "काका, परत म्हणा ना," म्हणून मागे लागत. दोन दिवस मी फक्त मान हलवून काढले होते. आमची मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ शेजारात राहिलेली; तिला सांबाराचा वास येतो. आणि इथे एक पुणेकर तिला चक्क हात जोडत होता. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात असं ऐकून होतो. मी तर आपणहून शिडी घेऊन धावलो.

कॉफी आली. त्यांनी ती वाटीत ओतून, आमच्यासारखीच फेसाळून घेतली. म्हणाले, आमचा एक धर्मादाय ट्रस्ट आहे, त्याचं नवं सभागृह बांधलंय, व्यासपीठामागे लावायला तंजावरचं चित्र हवंय, आणि तेही तंजावरच्या मराठी हातचं. बोलता बोलता त्यांची नजर मागच्या भिंतीवर गेली. ते उठले, चपला काढल्या आणि चित्राला नमस्कार केला.

"हें विकायचं नाहीं," बहीण म्हणाली.

"मावशी, विकत कोण मागतंय? तुमचं काम आपल्या मुलखात नेतोय."

आपल्या मुलखात! आमच्या घराण्यातलं कुणी त्या मुलखात शेवटचं कधी नांदलं, ते आमच्या पणजोबांनाही सांगता आलं नसतं. पण मी लगेच त्या मुलखाचा झालो. मी तिला म्हणालो, हजारो माणसं बघतील, आपली माणसं. इथं गल्लीत कोण बघतंय? ती चित्रासमोर जाऊन उभी राहिली. मग सगळं एकदम दिसत नाही म्हणून मान हळूहळू फिरवत एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून मान डोलावली.

त्यांनी बॅगेतून चेकबुक काढलं. ट्रस्टचे पैसे फोनवरून देता येत नाहीत, दोन विश्वस्तांच्या सह्या लागतात, म्हणून सह्या आधीच घेऊन आलोय, असं म्हणाले. मलाही ते पटलं; नियम तसाच असतो. आणि मग मी त्या सह्या पाहिल्या. दोन्ही देवनागरीत!

इथे मला माझी फजिती सविस्तर सांगायला हवी. आमच्या घरी मराठी बोलतात, पण लिहायची झाली तर तमिळ अक्षरांत लिहितात. देवनागरी मी निवृत्तीनंतर, बालवाडीच्या अंकलिपीवरून शिकलो. शिकलो खरा, पण वाचू काय? तंजावरात देवनागरी पाटी शोधून सापडत नाही. आणि नोकरीभर मी ज्या लाखो सह्या पाहिल्या, त्या तमिळ आणि इंग्रजी. आता समोर देवनागरी सही, खाली देवनागरी शिक्का. मी चष्मा पुसला आणि भर दुकानात एकेक अक्षर लावून दोन्ही सह्या आणि शिक्का मोठ्यानं वाचून दाखवला. ते गृहस्थ म्हणाले, "वा काका!" मला पहिलीत पहिला नंबर आल्याचा आनंद झाला.

बहिणीनं मला बाजूला घेतलं.

"अण्णा, चेक पास होऊं दे. मग घेऊन जाऊं देत. तूंच अस्क्यांस असं सांगत होतास की नाहीं?"

अस्क्यांस म्हणजे सगळ्यांना. आणि खरंच, शाखेत येणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला मी हेच ऐकवायचो की पैसे जमा होईपर्यंत चेक हा नुसता कागद. पण त्या दिवशी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आपला माणूस दारात आलाय आणि त्याला थांब म्हणू? त्यांची रात्रीची गाडी आहे. लाज आणशील मला!" मी ओरडलो. मी तिच्यावर असा ओरडतो तेव्हा ती गप्प बसते. लहानपणापासूनची सवय आहे ती, आणि त्या सवयीचा फायदा मी आयुष्यभर घेतला आहे.

टॉर्च खिशातच होती. आपल्या माणसाच्या चेकवर टॉर्च मारणं मला असभ्यपणाचं वाटलं.

बहिणीनं चित्र स्वतः उतरवलं, स्वतः पुसलं आणि माझ्या एका जुन्या मऊ वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळून बांधलं. ऑटोत ठेवायला मी गेलो. खाली वाकून त्या गृहस्थांनी माझ्या पायाला हात लावला. मी आशीर्वादही दिला.

पुढे काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो. चेक मीच माझ्या जुन्या शाखेत भरला होता. तिथला मॅनेजर माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा. त्यानं फोन करून बोलावलं, केबिनमध्ये बसवलं, दार लावलं आणि कॉफी मागवली. बँकेत कॉफी मागवतात तेव्हा बातमी वाईट असते. मीही कित्येकांना अशी पाजली आहे.

"सार, हा चेक नाहीच," तो म्हणाला. "खऱ्या चेकची रंगीत झेरॉक्स आहे. खातं भलत्याचंच." त्यानं चेक जांभळ्या दिव्याखाली धरला. कुठे काही चमकलं नाही. मग दिवाही बंद केला आणि चेक नुसता तिरपा धरला. खऱ्या चेकच्या नक्षीत इंग्रजी अक्षरं दडवलेली असतात. कुणी त्याची नक्कल काढली की ती वर येतात आणि 'व्हॉइड', म्हणजे बाद, असं स्वतःच सांगतात. इथेही ती वर आली होती, फिकी पण चांगली बोटभर उंच, त्या दोन सह्यांच्या बरोबर मधून गेलेली. मी देवनागरी अक्षरं एकेक लावून वाचली होती. इंग्रजी मला तिसरीपासून येतं.

"हे तुम्हीच मला शिकवलंत, सार," तो हळूच म्हणाला. त्याला टोचायचं नव्हतं, म्हणून जास्तच टोचलं.

बहिणीला मी कसंबसं सांगितलं. ती "सरि", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि गिऱ्हाइकाला गणपती दाखवायला वळली. मला वाटलं, आता रात्री बोलेल. रात्री तिनं विचारलं, दही वाढूं का. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकल्या असत्या, दोन अश्रू काढले असते आणि मोकळा झालो असतो. तिनं मला ती संधी दिली नाही. मागच्या भिंतीवर तिनं दुसरं काही टांगलंही नाही. चित्राच्या जागी भिंतीचा रंग जरा उजळ राहिला होता, आणि मी रोज त्याच्यासमोर बसत होतो.

निदान इतरांना सावध करावं म्हणून मी ओळखीच्या मराठी दुकानदारांकडे गेलो. पितळी भांड्यांचा दुकानदार आधी म्हणाला, आमच्याकडे कुणी आलं नाही. मग दुसरी कॉफी झाल्यावर त्यानं कबूल केलं की समयांचा एक जोड गेला. रेशमी साड्यांच्या दुकानातूनही माल गेला होता. सगळे गप्प होते, लाजेपोटी. पण मला खरा धक्का बसला तो वेगळाच. भांडीवाल्यालाही तो हात जोडून म्हणाला होता, "खरी भाषा तुम्ही जपलीत." भांडीवाल्याला! ज्याच्या चार शब्दांतले तीन तमिळ आणि चौथा शिवी! चित्र गेल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगतो, त्या रात्री मी तळमळलो तो यासाठी. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी. आणि मेंढीला वाटत होतं, लांडग्यानं कळपातून तिलाच निवडलंय.

पोलिसात तक्रार दिली. इन्स्पेक्टरनं विचारलं, ओळखीची काही खूण? मी म्हणालो, "मराठी फार सुंदर बोलतो." त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

खरं काम केलं ते चित्राच्या फोटोनं. बहिणीनं तो चित्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. काही आठवड्यांनी त्यातल्या एकीनं जवळच्याच पापनाशम गावी एका गृहप्रवेशात ते चित्र पाहिलं. आम्ही इन्स्पेक्टरला कळवलं, त्यानं तिथं यायला सांगितलं, आणि आम्ही बसनं पापनाशमला गेलो. वाटेत मी बहिणीला सांगत होतो की आत शिरल्याबरोबर त्या लोकांना कसा धारेवर धरीन.

घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं निघालं. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. स्टेशनबाहेर एका सज्जन माणसानं गाडीच्या तिकिटाची अडचण सांगून त्यांना ते चित्र विकलं होतं. नव्या घराच्या देवघरात त्यांनी ते लावलं होतं. समोर समई, वरती मोगऱ्याची माळ. बाई पदर तोंडाला लावून रडत होती. रोज सकाळी दिवा लावते हो, म्हणत होती.

इन्स्पेक्टर बहिणीला म्हणाला, "अम्मा, तुमचं आहे का, तेवढं सांगा. असेल तर जप्त करून कोर्टामार्फत तुम्हाला मिळेल, आणि यांचीही तक्रार लिहून घेऊ. नसेल तर विषय संपला."

बहीण पुढे झाली. चेहरा अगदी जवळ नेऊन, मान फिरवत फिरवत, एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत बघू लागली.

आणि मी विरघळलो. धारेवर वगैरे धरणं बाजूलाच राहिलं. त्या बाईचे डोळे, ती समई, ती माळ. मला एकदम मोठ्या मनाचं झाल्यासारखं वाटू लागलं. मी घसा साफ केला आणि तमिळमधून भाषण सुरू केलं. म्हणालो, देवाला कुठं जायचं ते देवच ठरवतो. सभागृहापेक्षा देवघर बरं. हे आमचं नाही असं समजा, आम्ही मोकळ्या मनानं... मास्तरांनी माझ्यापुढे हात जोडले. त्यांच्या बायकोनं रडणं थांबवलं. इन्स्पेक्टरच्या तोंडावरही सुटल्याचं समाधान दिसलं. एका खोलीत इतक्या जणांनी माझ्याकडे आदरानं बघितल्याला फार दिवस झाले होते.

बहीण वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता. ती आमच्या मराठीत बोलली, म्हणजे तिथं मला एकट्यालाच कळेल असं.

"अण्णा, माझं चित्र एकदां तूं विकलास. अत्तां दान पण तूंच करूं नक्को."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"अम्मा काय म्हणाल्या, सार?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"चित्र तिचं आहे, म्हणते," मी म्हणालो.