बेटदर्शनाची यादी

डिसेंबरातला पहिला रविवार. हजर: मी, हे आणि दिवसभरासाठी ठरवलेला गाइड. असं वर लिहिलेली बेटदर्शनाची ही जुनी यादी परवा कोथरूडच्या घरी बॅग झटकताना सापडली. मुलगा आयटीत लागल्यावर त्यानेच ती सहल घडवली होती. “मॅडम, धबधब्याला नको, बाहेरची गाडी आणली म्हणून तिथले टॅक्सीवाले मला मारतील,” गाइड त्या दिवशी म्हणाला. “यादीत आहे ना? मग दाखवा,” मी म्हटलं. पोचताच तिघा टॅक्सीवाल्यांनी त्याला गाडीतून ओढलं आणि लोखंडी पान्याने तोंडावर मारलं. त्याचा दात ओल्या दगडांवर माझ्या चपलेपाशी पडला. पोलीस उलट त्यालाच घेऊन निघाले. “मी हात उचलला नाही, एवढं लिहून द्या, नाहीतर परवाना जाईल,” तो रक्त थुंकत म्हणाला. “पुण्याला पोचताच पाठवते,” म्हणत मी यादीत शेवटी ‘गाइडचं पत्र’ असं लिहिलं. धबधब्यापुढे बरोबरची खूण आहे. पत्र अजून लिहायचं आहे.