सुमेधाचा सत्कार

सुमेधा पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, शर्टाकडे पाहिलं. "कॉलर उलटून घेतलीत. आतली बाजू कमी विटलीय." शिंप्याची ही करामत माझ्या बायकोच्याही लक्षात आली नव्हती.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या आमच्या रंगांच्या कारखान्यात ती लॅबमध्ये होती, मी खरेदी विभागात. गिऱ्हाइकाने आणलेल्या फरशीच्या तुकड्यावरून, कधी साडीच्या काठावरून, हुबेहूब तो रंग बनवणं हे तिचं काम. "मला ऑटिझम आहे. ओरडून बोललात तर मी बाहेर जाईन," हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. विक्रीवाले घाईघाईने "चालेल गं, जवळपास आलाय" म्हणाले की ती डबा मागे ओढायची. "जवळपास नावाचा रंग नाही." तिने पास केलेला डबा परत आल्याचं मला आठवत नाही.

लॅबचे प्रमुख निवृत्त व्हायला आले तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "सुमेधा, आता लॅब तुझी." आमच्याकडे अशी वाक्यं चहाबरोबर संपतात. तिने ते घरी नेलं. ठाकुर्लीला तिच्या आईने पेढे वाटले. आता लॅबमधला रेडिओ बंद होईल, नमुने कुणी हलवणार नाही, असं ती मला रोज ऐकवायची.

जागा निखिलला मिळाली. त्याला काम तिनेच शिकवलं होतं. मी साहेबांना कारण विचारलं. "अहो, गिऱ्हाइकासमोर बसावं लागतं. ती डोळ्यांत बघून बोलत नाही." गिऱ्हाईक आमच्याकडे रंगासाठी येतं, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

मग वार्षिक समारंभात तिचा सत्कार ठेवला. आपल्याकडे माणसाला हक्काचं द्यायचं नसलं की शाल देतात. ठाण्यातला हॉल, फुलांची कमान, साहेबांच्या भाषणात 'दैवी देणगी' आणि 'आपलं कुटुंब'. लोकरीची शाल अंगावर पडताच सुमेधा शहारली. तिने ती काढून नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि माइकवर विचारलं, "लॅब माझी म्हणाला होतात. निखिलला का दिली?"

साहेब हसले. "अगं, आज आनंदाचा दिवस आहे!"

"म्हणाला होतात की नाही?"

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग सगळा हॉल वाजवू लागला, ती कानांवर हात दाबून मंचावरून उतरेपर्यंत. निखिल तर उभा राहून वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

परवा ठाकुर्लीच्या भाजीबाजारात भेटली. मी विचारलं, "काम मिळालं का गं?"

"मुलाखती देते. आधीची नोकरी का सोडली विचारतात. फसवलं म्हणून सांगते."

"मग?"

"मग कळवतो म्हणतात."

घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीची मुलाखत दिवाळीआधी झाली होती. आता होळी आली होती. तिच्या मुठीत मोबाइल होता. भाजीवाल्याला पैसे देतानाही तिने तो पिशवीत टाकला नाही.

"अंघोळीला जाताना आईकडे देते," ती म्हणाली. "त्यांनी फोन करायचा आणि मी उचलायचा नाही, हे बरं दिसत नाही."