साडूंचे भाडेकरू

हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. सासूबाईंच्या डब्यातले मेथीचे लाडू मी खाल्ले होते. आळ मात्र आमच्या थोरल्या साडूंवर आला. येणारच. अख्ख्या खानदेशात त्यांच्याएवढं पोट दुसरं नसेल. धुळ्याच्या सासुरवाडीची पायरी ते चढले, की आत मांडणीवरची भांडी त्यांच्या स्वागताला किणकिणत.

या पोटाबद्दल त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. "भाऊ, मी कोठे खास? मना पोटमा बठ्ठा भाडेकरू शेतस. त्या खातस, मी फुगस!" म्हणजे खातात ते पोटातले सगळे भाडेकरू, फुगतो मी. आणि भाडेकरू म्हणजे आतड्यांतले जंतू. कुठल्याशा मासिकात त्यांच्याविषयी वाचलं आणि साडू त्या दिवसापासून घरमालकच झाले. भाडेकरूंसाठी रोज सकाळी ज्वारीच्या आंबवलेल्या कण्या ताकात कालवून खात. जेवणाआधी पोटावर तळहात ठेवून क्षणभर थांबत. डॉक्टरनं गोळी दिली तर "आधी आत विचारतो" म्हणत. आमच्याकडे जळगावला येताना एसटीत दोन तिकिटं काढत. एकदा मी बरोबर असताना कंडक्टरनं विचारलं, "दुसरं कोण?" साडूंनी 'सगळे इथेच' अशा थाटात पोटावर थाप मारली. "बठ्ठा आठेच शेतस, साहेब!" गाडीभर हशा. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. मग सुजलेल्या पायांत रुतलेले मोजे हळूच खाली सारले, ते फक्त मी पाहिलं.

मी तेव्हा काडी. दुप्पट जेवायचो आणि सगळे कौतुकानं आणखी वाढायचे. ते एका भाकरीवर उठत, तर मागे कुजबुज, "बाहेर खात असतील."

लाडू धाकट्या मेहुणीच्या बाळंतपणासाठी होते. दुपारी सगळे लवंडलेले असताना मी डबा उघडला आणि बघता बघता तळ गाठला. चहाच्या वेळी सासूबाईंनी रिकामा डबा पुढे धरला. सगळ्यांच्या नजरा एकाच पोटाकडे वळल्या. "असू द्या," त्या म्हणाल्या, "त्यांना भूक आवरत नाही." माझ्या शर्टावर चुरा होता. साडूंनी तो पाहिला, आणि हसून सासूबाईंना म्हणाले, "अक्का, भाडेकरूंनी हात मारला वाटतं."

मी चहात बिस्किट बुडवत राहिलो.

त्यानंतर सासुरवाडीत ते फक्त ताक पीत. हिवाळ्यात आमच्या शेतावर भरीत पार्टीला येत, वांगी भाजत, घाम गाळत भरीत कुटत, सगळ्यांना वाढत आणि स्वतः बाजूला बसत. एकदा कुणीतरी म्हणालं, "डबा गाडीत ठेवलाय वाटतं, साडूभाऊ!" सगळे हसले. मीही. पुढच्या हिवाळ्यात ते आले नाहीत.

पन्नाशीनंतर माझंही पोट सुटलं, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "नुसतं खाण्याचं नसतं हे. आतड्यांतल्या जंतूंचा तोल बिघडला, तर अंगात बारीक सूज धुमसत राहते. लठ्ठपणाशी तिचा संबंध दिसतो. नेमका किती, ते अजून शोधताहेत. एकच भाकरी दोघांच्या अंगी सारखी लागत नाही." मी मान डोलावली. हे साडूंनी मला धुळ्याच्या ओट्यावर कधीच सांगितलं होतं.

घरी येऊन साडूंना फोन केला. "मंग भाऊ, तुमनाकडे बी भाडेकरू उनात का?" ते खूप हसले. लाडवांचं मी तेव्हाही काढलं नाही. त्यांनीही नाही.

सासूबाई गेल्या, त्या साडूंनीच लाडू खाल्ले असं धरून. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. पण धुळ्याच्या घरी, भरल्या पंगतीत उभं राहून "ते लाडू मी खाल्ले" एवढं म्हणणं मी साडूंचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.